डायना २७ : ५.५ चं बॅरल काढून ४.५ चं बसवलं, आता रायफल झटका देते

मोडबॅरल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मामांकडून आलेली डायना २७ ही हवेची रायफल गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. अंगावरच्या महिना-वर्षाच्या शिक्क्यानुसार सप्टेंबर १९६६ ची. मोडून भरायची (बॅरल, म्हणजे नळी, खाली वाकवली की आतली स्प्रिंग दाबून अडकते), नळीचं माप ५.५ मि.मी., पिस्टनला चामड्याचा वॉशर, ट्रिगरमध्ये त्या तीन पोलादी गोळ्या. वापरायला इतकी गोड की नवीन रायफल घ्यावीशी कधी वाटलीच नाही.

पण मी मारतो ते फक्त दहा मीटरवर, कागदावर. त्यासाठी ४.५ हवी असं बरेच दिवस मनात होतं. चपट्या डोक्याचा ४.५ चा छर्रा कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो आणि लक्ष्यपत्रिकाही त्याच मापाच्या मिळतात. सुटे भाग करून विकल्या गेलेल्या एका २७ चं बॅरल मिळालं, मागच्या ठोकळ्यासकट. दुपारभरात बसवलं. ठोकळा, पिव्होटचा बोल्ट, कॉकिंगची (स्प्रिंग दाबून अडकवायची) दांडी, सगळं जागच्या जागी आलं.

मग चूक केली. क्रोनोग्राफवर (छऱ्याचा वेग मोजायच्या यंत्रावर) आकडे थोडे कमी दिसले म्हणून नवी, जाड तारेची स्प्रिंग घातली. आकडे असे:

जुनं ५.५ बॅरल, जुनी स्प्रिंग, ०.९३ ग्रॅमचा छर्रा : सेकंदाला १३२ मीटर, म्हणजे ८.१ जूल. दहा मीटरवर पाच छऱ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, १४ मि.मी.

४.५ बॅरल, जुनी स्प्रिंग, ०.५१ ग्रॅम : १७१ मीटर, ७.५ जूल. ग्रुप १७ मि.मी.

४.५ बॅरल, नवी स्प्रिंग, तोच छर्रा : १७९ मीटर, ८.२ जूल. ग्रुप २७ मि.मी.!

वेग आठ मीटरने वाढला आणि ग्रुप दीडपट पसरला. चाप ओढला की आधी झटका, मग "ठण्णऽऽ" असा लांब आवाज. मोडायला जोर लागतो. दोनशे छऱ्यांत दस्त्याचे स्क्रू दोनदा सैल झाले. ही माझी रायफल वाटतच नाही. कुठून सुरुवात करू?

---

लेथवाला

आधी माहिती द्या. जुन्या आणि नव्या स्प्रिंगच्या तारेची जाडी व्हर्निअरने मोजून सांगा. वेटोळे किती? स्प्रिंगच्या आतला गाइड मूळचा पत्र्याचाच आहे का, आणि स्प्रिंग त्यावर किती सैल बसते? ब्रीचचा (बॅरल मागे सिलिंडरला टेकतं त्या तोंडाचा) वॉशर बदलला का? आणि वेगात चढउतार किती आहे? सरासरी १७९ म्हणालात, पण सगळ्यात हळू आणि सगळ्यात वेगवान छऱ्यात फरक किती?

---

जुना वॉशर

मोडबॅरल, तुमचं बॅरल बदलणं चुकलेलं नाही. फक्त बॅरल बदलल्याने आतला सगळा तोल बदलतो हे धरायचं राहिलं.

स्प्रिंगच्या रायफलीत स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा छर्रा ढकलते. छर्रा हलायला लागतो तेव्हा पिस्टन जवळजवळ टोकाला पोचलेला असतो. तोवर पुढची हवा दाबत दाबत इवल्याशा जागेत आलेली असते. ५.५ च्या छऱ्याच्या बुडाचं क्षेत्रफळ साधारण २३.८ चौरस मि.मी., ४.५ चं १५.९. म्हणजे तेवढ्याच दाबाला ५.५ च्या छऱ्यावर दीडपट जोर येतो आणि तो वाट मोकळी करत पुढे जातो. ४.५ मध्ये वाट अरुंद. हवेला जायला जागा कमी, दाब जास्त चढतो, आणि पिस्टन त्या हवेच्या गादीवर आपटून मागे उसळतो. मग स्प्रिंग त्याला पुन्हा पुढे ढकलते. हे सगळं छर्रा नळीत असतानाच चाललेलं असतं. खांद्याला जाणवतो तो दुहेरी झटका हाच.

आता त्यात जास्त ताकदीची स्प्रिंग घातली की पिस्टन जास्त वेगाने जातो आणि तितकाच जास्त उसळतो. वाढीव ताकदीतला बराचसा भाग त्या उसळीत आणि आवाजात जातो. म्हणून ८ मीटर वेग मिळाला आणि ग्रुप गेला. तुमचे आकडे हेच सांगताहेत, अगदी स्वच्छ.

२७ ही मुळात सात-आठ जूलची रायफल आहे. त्या ताकदीला ती किती हलकी, किती शांत आणि किती एकसारखी चालते यातच तिचं मोल. तिच्याकडून अकरा-बारा जूल काढायला जाऊ नका. तेवढी ताकद हवी असेल तर मोठ्या सिलिंडरची रायफल घ्यावी, ही बिचारी तशीच राहू द्यावी.

---

कागदी नेम

माझं मत वेगळं आहे. साठ वर्षं जुनी रायफल ज्या मापात बनली त्याच मापात ठेवावी. ५.५ मध्ये ती १४ मि.मी. चे ग्रुप देत होती, दहा मीटरला घरगुती सरावासाठी ते वाईट नव्हतं. मूळ बॅरल आणि सिलिंडर एका वयाचे, एकमेकांवर घासून बसलेले असतात. निदान जुनं बॅरल टाकू नका. आतून तेलाचा बोळा फिरवा, बाहेरून तेलकट कागदात गुंडाळा आणि आडवं ठेवा.

---

मोडबॅरल

@कागदी नेम, जुनं बॅरल जपून ठेवलंय, एक ओरखडाही पडू दिला नाही. रायफलवर कुठेही कानस लावलेली नाही. उद्या मूळ रूपात आणायची म्हटलं तर अर्ध्या तासाचं काम. हा नियम मी पहिल्यापासून पाळतोय: परत फिरवता येणार नाही असं काहीही करायचं नाही.

@लेथवाला, जुनी स्प्रिंग ३.० मि.मी. तार, नवी ३.२. बाहेरचा व्यास सारखाच. वेटोळे जुन्यात ३१, नव्यात ३०. गाइड पत्र्याचाच आणि स्प्रिंग त्यावर खुळखुळते. वेगातला फरक दहा छऱ्यांत ९ मीटर. ब्रीचचा वॉशर बॅरलसोबत आलेलाच आहे, दिसायला बरा दिसतो.

---

लेथवाला

दिसायला बरा म्हणजे काही नाही. टिश्यू पेपरची बारीक पट्टी ब्रीचच्या सांध्यावर आडवी ठेवा आणि सुरक्षित दिशेला छर्रा मारा. पट्टी उडाली तर हवा तिथून गळतेय. वॉशर ठोकळ्याच्या तोंडापेक्षा थोडा, दोन-तीन दशांश मि.मी., वर आलेला हवा. कमी असेल तर खाली पातळ कागदी चकती घालून उचलता येतो.

आता स्प्रिंग. स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ३.० ची ३.२ केलीत, डोळ्याला फरकही दिसत नाही, पण ३.२ भागिले ३.० चा चौथा घात १.२९ येतो. म्हणजे २९ टक्के जास्त ताठ, एक वेटोळं कमी झालं त्याने आणखी थोडी भर. "जरा जाड तार" असं काही नसतं, प्रत्येक दशांश मि.मी. मोजावा लागतो.

आणखी एक धोका सांगून ठेवतो. ३० वेटोळे गुणिले ३.२ म्हणजे ९६ मि.मी. ही स्प्रिंग पूर्ण दाबल्यावरची कमीत कमी लांबी. रायफल कॉक केल्यावर आत उरलेली जागा याहून कमी असेल तर वेटोळे एकमेकांना टेकतात आणि जोर थेट कॉकिंगच्या दांडीवर आणि पिनांवर येतो. जुन्या रायफलीची दांडी वाकण्याचं हे नेहमीचं कारण. शेवटच्या टप्प्यात भिंतीला टेकल्यासारखं वाटत असेल तर आजच थांबा.

---

मोडबॅरल

पट्टी उडाली. तीनही वेळा.

आणि हो, शेवटच्या टप्प्यात तसंच घट्ट वाटतं. रायफल बाजूला ठेवली आहे.

---

नवखी नेमबाज

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. माझ्याकडेही अशीच जुनी मोडून भरायची रायफल आहे. ती उघडताना स्प्रिंग अंगावर येते असं ऐकलंय. हे काम घरी करण्यासारखं आहे का?

---

जुना वॉशर

घरी करता येतं, पण घाई चालत नाही. डोळ्यांना चष्मा, आणि पहिल्यांदा उघडणार असाल तर स्प्रिंग दाबून धरणारा क्लॅम्प हवाच. लाकडी फळीवर एका टोकाला ठोकळा आणि दुसऱ्या टोकाला लांब आट्यांचा बोल्ट लावून घरी बनवता येतो.

२७ पुरतं सांगतो. आधी रायफल रिकामी आणि कॉक केलेली नाही याची खात्री. मग दस्त्याचे स्क्रू काढून लोखंडी भाग वेगळा. बॅरलच्या पिव्होटचा बोल्ट काढला की बॅरल आणि दांडी सुटते. सिलिंडरच्या मागच्या टोकाला ट्रिगरचा ठोकळा दोन आडव्या पिनांवर अडकलेला असतो. क्लॅम्पने त्याला किंचित आत दाबायचं, पिनांवरचा भार गेला की त्या सहज सरकतात. ठोकाव्या लागत असतील तर भार गेलेला नाही. मग क्लॅम्प हळूहळू सैल करायचा. आत एकात एक बसलेल्या दोन नळ्या दिसतील, आणि आतल्या नळीच्या भोकांत त्या तीन गोळ्या. त्या पिस्टनच्या दांडीच्या खाचेत अडकून पिस्टन धरून ठेवतात. बाहेरची नळी सरकली की गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते आणि पिस्टन सुटतो. इतकी साधी आणि इतकी हुशार रचना आहे ही! खाली पांढरं फडकं पसरून ठेवा, गोळ्या घरंगळतात. परत बसवताना प्रत्येक गोळी ग्रीसच्या ठिपक्याने चिकटवायची.

आणि एक गोष्ट रायफल न उघडणाऱ्यांसाठीही: मोडलेल्या अवस्थेत चापाला बोट लावायचं नाही आणि छर्रा भरताना दुसऱ्या हाताने बॅरल धरून ठेवायचं. तशात पिस्टन सुटला तर बॅरल झपकन वर मिटतं. बोट मध्ये असेल तर बोट जातं, नसेल तरी बॅरल वाकतं.

---

नवखी नेमबाज

इतकं नीट सांगितल्याबद्दल मनापासून धन्यवाद. बॅरल धरून ठेवायची सवय मला नव्हती. आजपासून लावून घेते.

---

खाच आणि काठ

सगळे स्प्रिंगवर बोलताहेत, मी बॅरलवर बोलतो. सुट्या भागांतून आलेलं बॅरल कसं वापरलं गेलं हे आपल्याला माहीत नसतं. ते बाहेर असतानाच तपासा. ब्रीचकडून छर्रा घालून लाकडी किंवा पितळी दांडीने सावकाश ढकला. सुरुवातीला नळीतल्या पिळदार खाचांत शिरताना घट्ट, मग एकसारखा. मध्येच सैल पडला तर तिथे नळी खाल्लेली किंवा फुगलेली आहे. मध्येच अडला तर शिशाचा थर. बाहेर आलेल्या छऱ्यावर खाचांचे ठसे सगळीकडून सारखे हवेत.

मग तोंड. भिंगातून बघा. नळीच्या काठावर एका बाजूला जरी चेप असेल तरी छर्रा सुटताना हवा तिकडून आधी निसटते आणि छर्रा कलतो. गोल डोक्याच्या पितळी स्क्रूला बारीक घासपेस्ट लावून, हाताने, दिशा बदलत बदलत फिरवायचं. ड्रिलची गरज नाही. दर मिनिटाला पुसून बघायचं. काठावर सगळीकडून सारखी चमकती बारीक रेघ आली की थांबायचं.

पिव्होटचा बोल्टही बघा. स्प्रिंग आत नसताना बॅरल मोडून कुठल्याही कोनात सोडलं तर तिथेच थांबलं पाहिजे. आपल्या वजनाने खाली पडत असेल तर सैल आहे, आणि दर वेळी मिटताना वेगळ्या जागी बसेल.

---

मोजून बघा

कायद्याचं एक. बऱ्याच देशांत हवेच्या रायफलीला ऊर्जेची मर्यादा असते आणि काही ठिकाणी नळीचं मापही धरलं जातं. जर्मनीत मुक्त विक्रीची मर्यादा ७.५ जूल, १९७० पासून अशा रायफलींवर पंचकोनात एफ असा शिक्का असतो. ब्रिटनमध्ये रायफलला १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६.३ जूल. माप किंवा स्प्रिंग बदलली की रायफल कारखान्यातून निघाली तशी राहत नाही, जबाबदारी बदलणाऱ्याची. आपल्याकडचा नियम काम सुरू करण्याआधी वाचा आणि काम झाल्यावर क्रोनोग्राफवर निरनिराळ्या वजनांचे छर्रे मोजून नोंद ठेवा. एका छऱ्याने मर्यादेत बसणारी रायफल दुसऱ्याने बाहेर जाऊ शकते.

---

जुना वॉशर

उघडणारच आहात तर पिस्टनचा चामडी वॉशरही बघा. नवी सिंथेटिक सील घालायचा मोह होईल, पण चांगल्या चामड्याला तोड नाही, फक्त ते कोरडं पडता कामा नये. वॉशर रात्रभर नीट्सफूट तेलात (चामडं मऊ ठेवायचं तेल) बुडवून ठेवा. तळाचा स्क्रू घट्ट करा. मग स्प्रिंग न घालता पिस्टन सिलिंडरमध्ये सरकवा, पुढचं हवेचं भोक बोटाने दाबा आणि पिस्टन ढकला. हवेच्या गादीवर अडला पाहिजे आणि सोडल्यावर मागे आला पाहिजे. बोट काढलं की अडथळ्याशिवाय सरकला पाहिजे.

तेल मुरल्यावर पहिले काही छर्रे धूर काढतील, आवाज मोठा येईल. आत तेल पेटतंय, डिझेल इंजिनासारखं. तेवढ्यात क्रोनोग्राफ लावू नका, आकडे खोटे येतात. यंत्रात घालायचं साधं खनिज तेल तर हवेच्या भोकातून कधीच सोडू नका.

---

मोडबॅरल

तीन आठवड्यांनी लिहितोय. काम झालं. जरा सविस्तर सांगतो, कारण तुम्ही सगळ्यांनी तितक्याच आस्थेने सांगितलं होतं.

उघडल्यावर पहिली गोष्ट दिसली ती वॉशर. कडक, काठाला चिरलेला, वाळल्या पानासारखा. नवा कापून घेतला, तेलात मुरवला, बोटाची परीक्षा पास. ब्रीचचा वॉशर दाबून सपाट झाला होता, तोही बदलला. आता टिश्यूची पट्टी हलत नाही.

३.२ ची स्प्रिंग काढून टाकली. जुनी काचेवर लोळवून पाहिली, लंगडत होती, मधोमध वाकलेली. म्हणून नवी घेतली, पण ३.० तारेचीच, ३० वेटोळ्यांची. दोन्ही टोकं बारीक पॉलिश पेपरवर गुळगुळीत केली. लेथवाला यांनी व्यक्तिगत निरोपातून माप सांगितलं त्याप्रमाणे डेलरिनचा (कठीण प्लास्टिकचा) गाइड कातून घेतला. स्प्रिंग त्यावर हाताने पिळत चढवावी लागते, खुळखुळ शून्य. स्प्रिंगवर जाड, चिकट ग्रीसचा अगदी पातळ हात. पिस्टनच्या मागच्या भागाला आणि दांडीच्या घासणाऱ्या जागांना मॉलिब्डेनमची पेस्ट, तीही बोटाने पुसून उरेल तितकीच.

बॅरलचं तोंड भिंगाखाली पाहिलं तर खरंच एक चेप होता, चारच्या काट्याच्या जागी. पितळी स्क्रूने वीस मिनिटं लागली.

आता आकडे. ०.५१ ग्रॅम : १७३ मीटर, ७.६ जूल. दहा छऱ्यांत फरक ३ मीटर. ग्रुप ११ मि.मी., आणि हे एकदाच नाही, सलग सहा कागदांवर ९ ते १२ च्या दरम्यान.

आवाज "ठण्ण" वरून "टप" वर आला. मोडताना कुठेही टेकत नाही. चाप ओढल्यावर साइट (नेम धरायची खूण) काळ्या वर्तुळावरून फारशी हलतच नाही, छर्रा कुठे गेला ते मला दिसतं. ज्या दिवशी पहिल्यांदा असं झालं त्या दिवशी मी अंधार पडेपर्यंत मारत बसलो होतो.

---

लेथवाला

वा! जाड तारेपेक्षा सहा मीटर कमी, आणि ग्रुप निम्म्याहून लहान. फरक ९ वरून ३ मीटरवर आला तो मुख्यतः दोन वॉशरांनी, असं माझं मत. जड छर्रा मारून पाहिलात का?

---

मोडबॅरल

पाहिला. ०.५५ ग्रॅम : १६६ मीटर, ऊर्जा जवळजवळ तीच. पण झटका परत जरा जाणवतो आणि ग्रुप १५ च्या आसपास.

---

जुना वॉशर

अपेक्षित आहे. छर्रा जड झाला की जागचा हलायला वेळ घेतो, दाब अधिक चढतो, पिस्टन जास्त उसळतो. उलट फार हलका घेतलात तर गादी तयार व्हायच्या आत छर्रा निघून जातो आणि पिस्टन लोखंडावर आदळतो. या स्प्रिंगला ०.५१ च्या जवळपासचंच वजन मानवतंय. त्याच वजनात ४.५० आणि ४.५१ मि.मी. डोक्याचे वेगवेगळे डबे वापरून बघा, जुन्या नळ्यांना कधी कधी तेवढाही फरक कळतो.

---

कागदी नेम

मूळ माप सोडू नये हे माझं मत कायम आहे. पण ज्या काळजीने हे केलंत ते बघून आनंद झाला. जुनं बॅरल तेलकट कागदात आहे ना?

---

मोडबॅरल

आहे. दर दोन महिन्यांनी बोळा फिरवतो.

शेवटचा एक प्रश्न. मागची साइट पूर्ण खाली आणली तरी दहा मीटरवर छर्रे ३ सें.मी. वर लागतात. ५.५ ला असं नव्हतं. वेगामुळे का?

---

खाच आणि काठ

थोडं वेगामुळे, बाकीचं बॅरलच्या कोनामुळे. दहा मीटर जायला ५.५ ला सेकंदाचे ७७ सहस्रांश लागत होते, त्यात छर्रा साधारण २.९ सें.मी. पडतो. आता ५९ सहस्रांश, पडतो १.७. म्हणजे वेगाचा वाटा जेमतेम १.२ सें.मी. उरलेलं हे की दुसऱ्या रायफलीचा ठोकळा तुमच्या सिलिंडरच्या तोंडावर केसभर वेगळ्या कोनात बसतोय.

बॅरल वाकवायला जाऊ नका. पुढची साइट उंच करा. हिशेब सोपा: चूक गुणिले दोन साइट्समधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. साइट्समध्ये ४३ सें.मी. धरले तर ३० गुणिले ४३० भागिले १०,००० म्हणजे १.३ मि.मी. मागच्या साइटला खाली-वर करायला जागा उरावी म्हणून २ मि.मी. उंच करा. मूळची साइट कापू नका, तिच्यावर चढेल अशी पितळी टोपी करून घ्या.

---

मोडबॅरल

मोजलं, माझं अंतर ४४ सें.मी. निघालं. लेथवाला, २ मि.मी. ची टोपी कातून द्याल का? माप निरोपातून पाठवतो.

---

लेथवाला

पाठवा. वरची कड चौकोनी ठेवतो, गोल नको, उजेड एका बाजूने आला की गोल कड चमकते आणि नेम तिकडे सरकतो.